जिभेवर ठेवलेला दोष

गेले काही महिने औषधांच्या दुकानात ‘हे आता वरूनच येत नाही, डॉक्टरांकडून दुसरे लिहून आणा’ हे उत्तर ऐकून परत फिरावे लागते. माझ्या थोरल्या बहिणीस वर्षानुवर्षे मानवलेले पेनचे इन्सुलिन सोडून तिने एक तर किमतीने पुष्कळ चढे असलेले नवे घ्यावे, नाही तर उतारवयात, दृष्टी अधू झालेली असताना, पुनश्च बाटलीतून सिरिंजमध्ये औषध ओढावयास शिकावे, असा जो पेच कोणा दूरच्या उत्पादकाच्या निर्णयाने उभा राहिला आहे, तो मनाला असा झोंबला की आमच्या घराच्या आणि या रोगाच्या जुन्या संबंधाचा मागोवा घेतल्यावाचून राहवेना.

आरंभीचा इतिहास सर्वश्रुत आहे, आणि त्यात रेंगाळण्याची मला हौस नाही. चरक-सुश्रुतांना मधुमेह ठाऊक होता. १८८९ साली मेरिंग व मिन्कोव्हस्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून तो रोग उत्पन्न करून दाखविला. १९२२ च्या जानेवारीत टोरंटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास इन्सुलिन टोचले गेले आणि तो जगला. एवढे मात्र नमूद केलेच पाहिजे, की बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपले स्वामित्वाचे हक्क टोरंटो विद्यापीठास एकेका डॉलरला देऊन टाकले होते.

माझ्या आठवणीत ठसले आहे ते १९७० नंतरचे दशक. वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. शरीराने काटकुळे, गळ्यात तुळशीची माळ. आणि अशा माणसास गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेले औषध रोज टोचून घ्यावे लागे, याचे शल्य त्यांनी कधी बोलून दाखविले नाही, परंतु सुई घेण्यापूर्वी ते क्षणभर डोळे मिटीत हे मला आठवते. पहाटे आई काचेची सिरिंज आणि सुई झाकणाच्या भांड्यात उकळत ठेवी. बोथटलेली सुई वडील स्वतः दगडावर घासून धार लावीत. बाटली माठाशेजारी ओल्या वाळूत पुरलेली असे, कारण शीतकपाट आमच्याच काय, आळीतल्या कोणाच्याही घरी नव्हते. मग स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षा होई: काचनळीत ५ मिलिलीटर निळे बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब, आणि उकळी फुटली की रंग पालटण्याची प्रतीक्षा. हिरवा, पिवळा, नारिंगी करीत रंग विटकरीवर गेला की घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. निळा राहिला की उत्तम, असे दवाखान्यात सांगितलेले होते.

रंग विटकरी आला की झडतीही दवाखान्यातच होई. ‘चोरून गोड खाता, दुसरे काय!’ असे एका डॉक्टरांनी चार माणसांदेखत वडिलांना सुनावले होते, आणि ज्यांच्या हातून सरकारी तिजोरीचा पैही इकडची तिकडे झाली नाही, ते गृहस्थ आरोपीसारखे खाली मान घालून उभे राहिले होते. साखर शिधापत्रिकेवर मोजून मिळण्याचे ते दिवस. घरी आलेली साखर आई कुलपात ठेवी. नातलग लग्नकार्यात ‘हा श्रीमंतांचा रोग’ म्हणून हसत, आणि वडिलांच्या बरगड्यांकडे पाहूनही त्यांना आपल्या बोलण्यातली विसंगती दिसत नसे. पन्नास वर्षे झाली, तरी ते हसणे मी विसरलेलो नाही.

१९७२ च्या दुष्काळात वडिलांची नेमणूक खडी फोडण्याच्या कामावर हजेरीपट तपासण्यास झाली. सकाळी नळीतला रंग निळा होता, सुई घेतलेली होती, आणि पगारवाटपाच्या गडबडीत जेवणाची वेळ टळली. मी डबा घेऊन पोहोचलो तेव्हा त्यांचा सदरा घामाने निथळत होता, हातातली लेखणी थरथरत होती, आणि मजुरांची नावे वाचताना जीभ अडखळत होती. ‘साहेब प्यालेले दिसतात,’ असे मुकादम हलकेच म्हणाला. एका मजूर बाईने मात्र काही न विचारता आपल्या वाट्याची सुकडी मूठभर त्यांच्या पुढ्यात धरली, आणि तिच्यातल्या गुळाने पाव तासात ते सावरले.

त्या दिवसाचा उलगडा मला पुष्कळ पुढे, पुस्तके वाचून झाला. पाच लिटर रक्तात उपाशीपोटी सारी मिळून अवघी ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चमचाभर साखर असते. जेवणानंतर ती वाढू लागली की स्वादुपिंडातील बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, स्नायू साखर उचलतात, यकृत तिची साठवण करते. आणि ती उतरू लागली की त्याच पिंडातील अल्फा पेशींच्या ग्लुकागॉनचा हुकूम सुटून यकृताचे कोठार उघडते. निरोगी देहात हा जमाखर्च क्षणोक्षणी जुळत असतो. सुईने आत गेलेले इन्सुलिन मात्र, जेवण झाले की राहिले याची चौकशी न करता, आपले काम करीतच राहते. आणि रक्तातील साखर दर १०० मिलिलीटरला सुमारे १८० मिलिग्रॅमच्या वर चढल्यावाचून मूत्रपिंडे ती सहसा लघवीत सोडीत नाहीत. म्हणजे ज्या निळ्या रंगावर आमचे घर विसंबले होते, त्याला ६० आणि १६० यांतला भेद सांगताच येत नव्हता.

पुढची वर्षे सुधारणांची, आणि माझ्या लेखी नीरस: १९८२ साली जीवाणूंकडून तयार केलेले मानवी इन्सुलिन संमत झाले, घरोघरी ग्लुकोमीटर आले, सुया केसासारख्या बारीक झाल्या. त्यांतून एक काम मात्र मला कृतज्ञतेने वेगळे काढावेसे वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा आणि त्यांच्या अर्भकांचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की सरासरी २.७ किलो वजनाची ही बालके इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३.५ किलोच्या बालकांहून किरकोळ असली, तरी ती स्नायूंत जितकी उणी होती तितकी चरबीत नव्हती. आईच्या पोटातली ओढाताण पुढे मधुमेहास वाट करून देते, या विचारास त्या निरीक्षणाने बळ मिळाले. माझ्या वडिलांच्या रोगाचे मूळ कशात होते हे आता कोणी सिद्ध करू शकणार नाही; परंतु किडकिडीत माणसास हा रोग जडला म्हणून त्याच्या जिभेवर चोरीचा आळ घेण्याचा अधिकार त्या डॉक्टरांना नव्हता, हे मी आज ठामपणे म्हणू शकतो.

तो आळ अद्याप उठलेला नाही. दंडावर यंत्र चिकटवून दर पाच मिनिटांचा आकडा पाहणारी संपन्न मंडळी आणि औषधे फेकून देण्याचा उपदेश करणारे आहारगुरू, दोघेही बहिणीस प्रथम विचारतात ते हेच, की तू खातेस तरी काय. ती भाकरी आणि पालेभाजी खाते. तिला हवे आहे ते जुने, परवडणारे औषध आणि ते टोचण्याचे सुलभ साधन. पेन काढून घेण्यापूर्वी ज्यांना सिरिंजवरील रेघ दिसत नाही त्यांची व्यवस्था काय, हे तिला कोणी सांगितले नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मानवी इन्सुलिनचा साठा कायम असावा, आणि मिलिलीटरला ४० एककांच्या बाटलीसोबत ४० एककांचीच सिरिंज मिळावी, कारण १०० एककांची सिरिंज चुकून हाती पडली तर मात्रा ठरल्याच्या दोन-पंचमांशच भरते. त्या सिरिंजा वाटणाऱ्या माणसाने रुग्णाच्या घरच्या एका तरी व्यक्तीस शेजारी बसवून औषध कसे ओढावयाचे हे दाखवून द्यावे, एवढे आरोग्य खात्याने या वर्षीच्या तरतुदीत बसविले पाहिजे.