पानावरची जागा आणि तिचा भाव

२७ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘वायर्ड’ या अमेरिकी मासिकाच्या ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची एक आडवी पट्टी झळकली. ४६८ पिक्सेल रुंद, ६० पिक्सेल उंच. वेबवरच्या अगदी सुरुवातीच्या बॅनर जाहिरातींपैकी ही सर्वांत गाजलेली. ती पाहणाऱ्या शंभरातल्या चव्वेचाळीस जणांनी तिच्यावर क्लिक केलं, असं सांगतात. लोकांना नवलाई होती, आणि तेव्हा क्लिक करण्याजोगं दुसरं फारसं काही नव्हतंही. चारच वर्षांनी, १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या बेनवे आणि लेन या संशोधकांना उलटंच दिसलं. पानावरची सर्वांत ठळक पट्टीच लोकांच्या नजरेतून निसटत होती, तिच्यात कामाची माहिती असली तरीही. या सवयीला त्यांनी ‘बॅनर ब्लाइंडनेस’ म्हटलं. आज साध्या बॅनरवर शंभरातला एक वाचकही सहसा क्लिक करत नाही.

नव्या संकेतस्थळाच्या मालकाला हे कुणी सांगत नाही. लेख लिहून झाले, गूगलच्या अ‍ॅडसेन्स या जाहिरात-सेवेची मंजुरी आली आणि पहिल्या महिन्यात चहापाण्यापुरतेही पैसे जमले नाहीत, की त्याला एकच उपाय सुचतो: जाहिराती वाढवा. डोक्यावर एक, बाजूला दोन, दर परिच्छेदाखाली एक, तळाला चिकटलेली एक. आकडा थोडा वर सरकतो आणि मग वाचकच यायचे थांबतात. माझं मत असं, की नवख्यानं जाहिराती किती लावल्या ते मोजूच नये. किती खरोखर दिसल्या आणि वाचकाच्या एका भेटीतून एकूण किती मिळालं, एवढंच पाहावं.

ही मिळकत ठरते कशी? दिवाळी अंकाच्या मलपृष्ठाचा दर एकदा ठरला की अंक निघेपर्यंत तोच राहतो. संकेतस्थळावर मात्र प्रत्येक वाचकासाठी, पान उघडताना, त्यातल्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो. वाचक कुठल्या देशातला, मोबाइलवर आहे की संगणकावर, पान कशाबद्दल आहे, यावर जाहिरातदारांच्या वतीनं यंत्रं बोली लावतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सौदा होतो. अ‍ॅडसेन्स २००३ मध्ये सुरू झालं. बरीच वर्षं त्याचा हिशेब मुख्यतः क्लिकवर चाले. २०२४ च्या सुरुवातीपासून तो जाहिरात दाखवली जाण्यावर, म्हणजे इंप्रेशनवर, आला. जाहिरातदार गूगलमार्फतच आला असेल, तर त्याच्या शंभर रुपयांतले साधारण ६८ संकेतस्थळाच्या मालकाला मिळतात. क्लिक मिळवण्यासाठी जाहिरात मजकुरात बेमालूम मिसळून टाकायची जुनी युक्ती नियमाविरुद्ध होतीच, आता ती निरर्थकही झाली आहे.

हिशेबाचं माप म्हणजे आरपीएम, दर हजार पानांमागचं उत्पन्न. हे माप फसवं आहे. समजा, एका मांडणीत पानावर आठ जाहिराती आहेत आणि हजार पानांमागे ६० रुपये मिळतात. पण वाचक वैतागून एक पान पाहूनच जातो. म्हणजे हजार भेटींमागे ६०. दुसऱ्या मांडणीत तीनच जाहिराती, हजार पानांमागे ४० रुपये, पण वाचक सरासरी दोन पानं वाचतो. हजार भेटींमागे ८०. आरपीएमचा आकडा पहिल्या मांडणीला शाबासकी देतो, बँकेतला आकडा दुसरीला. शिवाय दुसरीतला वाचक पुन्हा येण्याची शक्यता असते.

आता ‘दिसणं’ म्हणजे काय, त्याकडे येऊ, कारण खरी मेख तिथेच आहे. उद्योगानं मान्य केलेल्या व्याख्येनुसार जाहिरातीचा निदान अर्धा भाग निदान एक सेकंद पडद्यावर असला, तरच ती दिसली असं धरतात. ज्या जागेवरच्या जाहिराती क्वचितच दिसतात, त्या जागेवरची बोली हळूहळू उतरते. पानाच्या अगदी माथ्यावरची जागा सर्वांत मोलाची, हा समज छापील वर्तमानपत्रातून आलेला. मोबाइलवर वाचकाचा अंगठा पान उघडताच वर सरकतो. जाहिरात येईपर्यंत ती जागा मागे पडलेली असते. त्यापेक्षा पहिल्या दोन-तीन परिच्छेदांनंतरची, जिथे वाचणं रंगात आलेलं असतं, ती जागा बहुधा जास्त कमावते. लांब लेखात मध्यावर आणखी एक. पाककृतीच्या पानावर साहित्याची यादी आणि कृती यांच्यामध्ये वाचक रेंगाळतो, पुन्हा पुन्हा वर-खाली जातो. तिथली चौकट सोडू नये. बाजूचा रकाना मोबाइलवर घसरून तळाशी जातो, आणि मराठी वाचक बहुतांशी मोबाइलवरच असतो, तेव्हा त्याची चिंता करण्यात अर्थ नाही.

आकारालाही महत्त्व आहे. ३०० बाय २५० ची चौकट संगणक आणि मोबाइल दोन्हींवर बसते, त्यामुळे बहुतेक जाहिरातदारांकडे त्या मापाची जाहिरात तयार असते आणि बोली लावणारे जास्त असतात. संगणकावर ७२८ बाय ९० ची पट्टी आणि ३०० बाय ६०० ची उंच चौकट, मोबाइलवर ३२० बाय १००, एवढी मापं पुरतात. चौकटीची उंची आधीच राखून ठेवावी. ती राखली नाही, तर जाहिरात उशिरा येऊन मजकूर खाली ढकलते, आणि वाचक ज्या ओळीवर होता ती ओळच हरवते. गूगल हे धक्के मोजतं आणि ०.१ पर्यंतचा गुण चांगला धरतं. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, हीही त्याचीच अपेक्षा. खालच्या जाहिराती वाचक जवळ आल्यावरच मागवल्या, तर हे साधायला मदत होते, आणि न दिसलेल्या जाहिरातींची संख्याही घटते.

अतिरेकाला शिक्षाही आहे. ‘कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स’ या जाहिरात-उद्योगातल्या संघटनेच्या निकषांनुसार मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या तीस टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी व्यापू नये. पॉप-अप, आपोआप आवाज करणारे व्हिडिओ, भगभगीत लुकलुकणारी चित्रंही वर्ज्य. जी संकेतस्थळं हे वारंवार मोडतात, त्यांच्यावरच्या सगळ्याच जाहिराती क्रोम ब्राउझर गाळतो. जगभर हे २०१९ पासून लागू आहे.

भाव कोणत्या वाचकाला जास्त? इथे मराठी मालकाची थोडी निराशा ठरलेली. मराठी मजकुरासाठी बोली लावणारे इंग्रजीच्या मानानं कमी, म्हणून दरही कमी. पण तेच मराठी पान न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये उघडलं गेलं, की बोली लावणारे तिथले असतात आणि भाव कैक पटींनी वाढू शकतो. गणेशपूजेचा विधी, मुलांना मराठी शिकवण्याचं साहित्य, परदेशी पिठात जमणारी पुरणपोळी, असे विषय तिकडचा मराठी माणूस शोधतो. मात्र युरोपीय संघ आणि ब्रिटनमधल्या वाचकांना व्यक्तिगत जाहिराती दाखवायच्या, तर जानेवारी २०२४ पासून गूगलनं प्रमाणित केलेली संमतीची खिडकी लावावी लागते. ती अ‍ॅडसेन्समध्येच मिळते. कुणी तिचे वेगळे पैसे मागत असेल, तर आधी तीच वापरून पाहावी. विमा, कर्ज, शिक्षण या विषयांना चढा भाव असतो हे खरं, पण गृहकर्जातलं काही कळत नसताना त्यावर लिहिणारे पुष्कळ झालेत. त्यात आणखी एकाची भर नको.

ऋतूचा परिणाम मोठा आहे. दिवाळीपूर्वी जाहिरातदारांच्या थैल्या सैल असतात, पाश्चात्त्य वाचकांसाठी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, आणि जानेवारीत दर धाडकन उतरतात. जानेवारीतला उतार पाहून घाबरून मांडणी बदलू नये. सणाचा लेख मात्र बराच आधी हवा. शोधयंत्रांना तो सापडून वर यायला वेळ लागतो, म्हणून चकलीची भाजणी श्रावणातच लिहून टाकावी.

मग काही कारकुनी कामं. मूळ पत्त्यावर ads.txt नावाची छोटी फाइल ठेवायची, म्हणजे आपल्या नावानं जागा विकण्याचा अधिकार कुणाला आहे ते जाहिरातदारांना कळतं. २०१७ मध्ये ही पद्धत आली ती तोतयांना रोखण्यासाठी. स्वतःच्या जाहिरातीवर कधीही क्लिक करू नये, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या कुटुंब-गटात ‘जरा क्लिक करा ना’ असं तर मुळीच लिहू नये. आत्याबाई प्रेमानं दिवसातून पाच वेळा क्लिक करतील आणि खातं बंद पडेल. जुगार किंवा झटपट श्रीमंतीच्या जाहिराती नको असतील, तर त्यांचे वर्ग बंद करता येतात. सरसकट सगळंच बंद केलं, तर लिलावातली चुरस मावळते. दहा डॉलर जमले की पत्ता पडताळण्यासाठी पिनचं पत्र साध्या टपालानं येतं, तेव्हा पोस्टमनशी ओळख असलेली बरी. शंभर डॉलर झाल्यावर महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पैसे निघतात.

मराठी संकेतस्थळासाठी मला सर्वांत आशादायक वाटते ती थेट विकलेली जाहिरात. कोकणातल्या भटकंतीबद्दल लिहिणाऱ्याकडे महिन्याला काही हजारच वाचक असले, तरी मालवणातल्या घरगुती निवासाच्या मालकाला नेमके तेच हवे असतात. दर आपण ठरवायचा, मध्यस्थ नाही, आणि अ‍ॅडसेन्सचं महिन्याभराचं उत्पन्न एका चौकटीतून निघू शकतं. महिन्याचा ठोक दर सांगावा, कारण छोट्या व्यावसायिकाला हजार इंप्रेशनांची भाषा परकी असते. महिन्याअखेरीस किती जणांना जाहिरात दिसली त्याचा कागद न मागता पाठवावा. पुढच्या महिन्याचं नूतनीकरण बहुतेक त्या कागदावरच होतं. चौकटीवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहावं, आणि दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ ही खूण लावायला विसरू नये. विकलेला दुवा खुणेशिवाय ठेवणं गूगलच्या नियमांत बसत नाही आणि त्याचा फटका शोधातल्या क्रमांकाला बसू शकतो.