नक्कल आणि उमज

जत्रांचे दिवस आले कीं मसुरें व आसपासच्या गांवांतून दशावताराचे खेळ रंगूं लागतात. पेटी-मृदंगाच्या साथीवर नट जें पद म्हणतो, त्याची चाल पुष्कळदां जुन्या संगीत नाटकांतून आलेली असते. दुसरे दिवशीं एखादा मुलगा तेंच पद त्याच नटाच्या ढंगानें म्हणून दाखवितो आणि ऐकणारे "अगदीं हुबेहूब!" म्हणून त्याची पाठ थोपटतात. ही नुसती नक्कल, कीं ह्यांत कांहीं विद्याहि आहे? विद्यार्थिमित्रांनो, ह्या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

आपल्या संगीतांत चिजेचा राग, ताल व मुखडा हीं ठरलेलीं असतात. सम आणि पुढचा मुखडा ह्यांच्या दरम्यान मात्र गवई मोकळा असतो. त्या मोकळ्या जागेंत तो काय करितो, ह्यावरून त्याची गायकी ओळखतात. 'स्वयंवर' (1916) नाटकांतील 'नाथ हा माझा' हें यमन रागांतील पद घ्या. भास्करबुवा बखले ह्यांनीं दिलेली ही चाल बालगंधर्वांनीं रुक्मिणीच्या भूमिकेंत घरोघर पोंचविली. हीच चाल किराणा घराण्याच्या वळणानें गावयाची तर एकेका स्वरावर विसावत सावकाश पुढें जावें लागेल. ग्वाल्हेरच्या वळणानें गातां मोकळ्या आवाजाच्या सरळ, सपाट ताना येतील. जयपूरच्या वळणानें गातां लयीच्या अंगानें एकांत एक गुंफलेल्या पेंचदार स्वराकृति दिसतील. स्वतः भास्करबुवांनीं ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर ह्या तिन्ही घराण्यांची तालीम घेतली होती.

पाश्चात्य संगीतांतहि असेंच आहे. 'ट्विंकल, ट्विंकल' ही तुमच्या परिचयाची चाल मूळची फ्रेंच. सुमारें 1781 सालीं मोझार्टनें तिच्यावर बारा निरनिराळीं रूपें रचिलीं. तीच चाल बाखच्या धर्तीवर वाजवूं पाहणारा वादक एका हाताच्या सुरावटीमागें दुसऱ्या हाताची सुरावट धांवावयास लावील.

तेव्हां दुसऱ्याची शैली उचलणें म्हणजे त्याच्या चार ताना पाठ करणें नव्हे. तो श्वास कोठें घेतो, कोणत्या स्वरावर थांबतो, शब्द कसा उच्चारितो, समेवर कसा येतो, हें पाहिलें पाहिजे. खरी कसोटी अशी कीं, त्या गवयानें कधींहि न गाइलेली चीज हातीं आली असतां ती त्यानें कशी गाइली असती, हें तुम्हांस गाऊन दाखवितां येतें काय?

ह्या वाटेचा उत्तम दाखला कुमार गंधर्वांचा. 1924 सालीं बेळगांव जिल्ह्यांत जन्मलेला हा मुलगा लहानपणींच थोर गवयांच्या तबकड्या ऐकून त्यांचें गाणें जसेंच्या तसें गात असे. लोक थक्क होत. परंतु तेवढ्यावर न थांबतां त्यांनीं मुंबईस प्रो. बा. र. देवधर ह्यांच्याकडे रीतसर अभ्यास केला. पुढें क्षयानें गांठलें, एक फुप्फुस निकामी झालें आणि सुमारें पांच वर्षें गाणें बंद पडलें. त्या आजारांतून उठल्यावर जें गाणें उमटलें, तें कोणाचीहि नक्कल नव्हतें. कांहीं वर्षांनीं त्यांनीं बालगंधर्वांचीं पदें गाण्याचा कार्यक्रम केला, तेव्हां त्याला नांव दिलें 'मला उमजलेले बालगंधर्व'. लहानपणीं हुबेहूब नक्कल ज्यांना सहज साधे, त्यांनीं प्रौढपणीं 'उमजलेले' हा शब्द निवडावा, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

म्हणून पालकांस विनंति कीं, मूल कोणाची नक्कल करूं लागलें तर त्यास हटकूं नये. अक्षरहि आपण प्रथम कित्ता गिरवूनच शिकतों. पण "अगदीं हुबेहूब!" एवढेंच म्हणून थांबूंहि नये. "त्यानें तेथें असें कां बरें गाइलें असेल?" हा एक प्रश्न त्यास अवश्य विचारावा. त्याचें उत्तर तें शोधूं लागलें, म्हणजे कित्ता संपून त्याचें स्वतःचें अक्षर सुरू झालें असें समजावें.