पाणलोटाचे काम माथ्यावरून

पाणलोट क्षेत्र म्हणजे जिच्यावर पडलेले पाणी उताराने एकाच ओघळीला मिळते, तेवढी सगळी जमीन. पत्र्यावर कुठेही पडलेला थेंब शेवटी त्याच पन्हळीत येतो, तसे. तरी पाणलोटाचे काम म्हटले की पोकलेनने केलेले नाला खोलीकरणच डोळ्यांपुढे येते. 2014 साली सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात तेच काम ठळक दिसले, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. पण सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगराला लागून, तापी खोऱ्याकडे उतरणारा. इथे पाणी वेगाने येते आणि माती सोबत आणते. माथा उघडा ठेवून नाला खोल केला, तर तो गाळाने भरतो. शिवाय खाली काळा कातळ. पाणी धरतो तो वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा. तिथे मुरायला पाण्याला उसंत हवी. ती समतल चर (एकाच उंचीच्या रेषेत उताराला आडवा खणलेला चर) देतो. त्याची माती उताराच्या खालच्या अंगालाच टाकायची, नाहीतर पावसात ती परत चरात येते.

शेतात हेच काम उताराला आडवा घातलेला बांध करतो. त्यात जमीन जाते आणि पाणी खालच्याच्या विहिरीला लागते, हा वरच्या शेतकऱ्याचा आक्षेप खरा आहे. पण माती त्याचीच वाचते, आणि वाहून गेलेला सुपीक थर एका हयातीत परत तयार होत नाही. म्हणूनच खर्च एकट्या वरच्यावर न टाकता खालच्यांनीही तो वाटून घेणे मला रास्त वाटते. बांधाला सांडवा (जादा पाण्याची वाट) मात्र हवाच. तो नसला तर मोठ्या पावसात बांध फुटतो आणि खालच्याचे पीकही जाते.