पक्षाघात: गुठळी की रक्तस्राव?

शिरूर-दौंड परिसरात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून सांगितला जाणारा पक्षाघात बहुतेक वेळा, म्हणजे दहापैकी सुमारे आठ रुग्णांत, मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतो. ही गुठळी मधुमेह, रक्तदाब व तंबाखूमुळे कठीण झालेल्या धमनीत तयार होते किंवा अनियमित ठोके पडणाऱ्या हृदयातून वाहत येते. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात लुळा पडणे आणि जीभ जड होणे ही त्याची परिचित लक्षणे असली, तरी लहान मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यास केवळ भोवळ, उलटी व तोल जाणे एवढेच दिसते आणि ते पित्तावर ढकलले जाते. रक्तवाहिनी फुटून होणाऱ्या प्रकारात डोकेदुखी, उलट्या व गुंगी अधिक आढळते, पण निव्वळ लक्षणांवरून भेद करणे धोक्याचे असते, कारण गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावात घातक ठरते. ते औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आतच आणि सीटी स्कॅननंतरच देता येत असल्याने, मालिश किंवा झाडपाल्यात घालवलेली सकाळ पुण्यापर्यंतच्या वाटेपेक्षा महाग पडते.