सायकल पर्यटन

सायकलवरून अनेक दिवसांचा लांब पल्ल्याचा प्रवास करणे व त्यासाठी लागणारे कपडे, अंथरूण, हत्यारे, अन्न, पाणी इ. सामान सायकलवरच वाहून नेणे यास सायकल पर्यटन म्हणतात. शर्यतीच्या सायकलीची सर्व रचना वेगासाठी व रोजच्या वापराच्या सायकलीची थोड्या अंतरासाठी केलेली असते. पर्यटनाच्या सायकलीला मात्र स्वार व सामान यांचे मिळून ९० ते १०० किग्रॅ. वजन घेऊन दिवसाकाठी ६० ते १०० किमी. अंतर, खराब रस्त्यांवरून व घाटांतून, आठवडेच्या आठवडे तोडावे लागते. यामुळे अशी सायकल निवडणे, तिची जोडणी करणे व तिच्यावर भार लादणे यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. मुक्कामासाठी धर्मशाळा, लॉज वा परिचितांची घरे मिळणार असतील, तर ७ ते १० किग्रॅ. सामान पुरते, तंबू, स्टोव्ह व शिधा बरोबर घ्यावयाचा असल्यास ते १५ ते २० किग्रॅ. पर्यंत जाते.

इतिहास : टॉमस स्टीव्हन्स याने १८८४–८६ या काळात मोठ्या पुढच्या चाकाच्या सायकलवरून, मधला समुद्रप्रवास जहाजाने करून, पृथ्वीप्रदक्षिणा केली. एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथून निघून तो डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामा येथे पोहोचला; लाहोर ते कलकत्ता हा टप्पाही त्याने सायकलवरूनच पार केला. मोजे, एक जादा सदरा, पावसाळी अंगरखा आणि पिस्तूल एवढेच त्याचे मुख्य सामान हँडलवर बांधलेले होते. अंगरखाच रात्री तंबूचे काम करी. इंग्लंडमध्ये १८७८ साली सायकल पर्यटकांचा क्लब स्थापन झाला. फ्रान्समध्ये पॉल दे व्हीव्ही (१८५३–१९३०) यांनी एकाहून अधिक गिअर असलेल्या सायकलींचा हिरिरीने पुरस्कार केला. शर्यतीच्या जगाला हा विचार उशिरा पटला. ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या डिरेल्यूरला १९३७ मध्ये परवानगी मिळाली. पर्यटक ते त्यापूर्वीच वापरीत होते. मुंबईहून ऑक्टोबर १९२३ मध्ये निघालेल्या सहा पारशी तरुणांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सु. ७१,००० किमी. प्रवास पुरा करून मार्च १९२८ मध्ये परतले. अमेरिकेत १९७६ साली स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त देशाच्या आरपार जाणारा सायकलमार्ग आखण्यात आला व सु. ४,००० स्वार त्यावरून गेले. सामान वाहण्याच्या साधनांत त्यानंतरच्या दशकात बऱ्याच सुधारणा झाल्या.

भाराची मांडणी : भार किती आहे यापेक्षा तो कोठे आहे याला पुष्कळदा अधिक महत्त्व असते. सायकल चालताना डावी-उजवीकडे सतत किंचित झुकते व स्वार हँडल त्याच बाजूस वळवून तोल सावरतो. भार उंचावर असल्यास प्रत्येक झुकाव मोठा होतो; तो सायकलच्या मधल्या पातळीपासून दूर किंवा मागे लोंबता असल्यास सांगाड्याला पीळ बसतो. म्हणून भार खाली, चाकांच्या आसांजवळ व दोन्ही बाजूंस सारखा असावा, हे मूळ तत्त्व होय. गावोगावचे दूधवाले हे तत्त्व कोणी न शिकविता पाळतात : त्यांच्या किटल्या मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांस, आसाच्या जवळपास लटकविलेल्या असतात आणि तीस-चाळीस लिटर दूध घेऊनही त्यांची सायकल गर्दीतून सरळ जाते. याउलट पाठपिशवी खांद्यावर घेऊन लांबचा प्रवास करणारा स्वार सर्वांत वाईट जागी वजन घेतो. त्याने गुरुत्वमध्य उंचावतो व बैठकीवरील दाबही वाढतो.

सामान नसताना सर्वसाधारणपणे ६० टक्के भार मागच्या व ४० टक्के पुढच्या चाकावर असतो. स्वार व सायकल मिळून ८० किग्रॅ. धरल्यास ही वाटणी ४८ व ३२ किग्रॅ. अशी होते. २० किग्रॅ. सामान सर्वच्या सर्व मागे लादले, तर मागच्या चाकावर ६८ किग्रॅ. येतात, पुढचे चाक तुलनेने हलके पडून चढावर उचलू लागते व हँडल थरथरते. तेच सामान मागे १२ व पुढे ८ किग्रॅ. असे विभागल्यास मूळचे प्रमाण कायम राहते. पुढचे सामान चिमट्याच्या दोन्ही बाजूंस, पुढच्या आसाच्या पातळीवर टांगणे सर्वांत चांगले. ते चिमट्याबरोबर वळत असल्याने हँडल थोडे जड वाटते, पण चाल स्थिर होते. हँडलवरील पिशवीत नकाशा, पैसे, कॅमेरा अशा वस्तूंपलीकडे काही असू नये, दोन-तीन किग्रॅ. ही तिची मर्यादा समजावी.

मागे उंच व सैल बांधलेल्या भारामुळे उतारावर विशिष्ट वेगाला संपूर्ण सायकल वेगाने डोलू लागते. हा हेलकंप धोकादायक असतो. अशा वेळी हँडल घट्ट आवळल्याने कंपने वाढतात. दोन्ही गुडघे वरच्या नळीवर टेकवून मागचा ब्रेक हळूहळू लावावा.

चाके : दूरच्या प्रवासात सर्वाधिक खोळंबा मागच्या चाकाच्या तारा तुटल्याने होतो, सांगाडा मोडण्याचे प्रसंग विरळा. चाकाची प्रत्येक तार ताणलेली असते. ती खालच्या बाजूस येते तेव्हा भारामुळे तिचा ताण क्षणभर कमी होतो आणि वर जाताना पुन्हा पूर्ववत होतो. सु. २.१५ मी. परिघाच्या चाकात ही उलथापालथ दर किमी.ला ४६५ वेळा, म्हणजे ५,००० किमी. प्रवासात सु. २३ लक्ष वेळा होते. यातून धातूला शिणवटा येऊन तार बहुधा तुंब्याजवळच्या वाकणात तुटते. तार सैल असेल तर हा फरक तिला अधिक जाचतो; म्हणून नवख्याच्या समजुतीविरुद्ध, घट्ट व सारख्या ताणाच्या तारा जास्त टिकतात. मागच्या चाकात उजवीकडे दंतचक्रांना जागा द्यावी लागत असल्याने दोन्ही बाजूंच्या तारांचे कोन व ताण सारखे नसतात आणि दंतचक्रांच्या बाजूची तार बदलण्यासाठी आधी दंतचक्रे काढावी लागतात. ती काढण्याचे हत्यार खेड्यातील दुकानात असेलच असे नाही; ते बरोबर ठेवावे. जादा तारा लांबी मोजून घ्याव्यात व सांगाड्याच्या नळीला चिकटपट्टीने बांधाव्यात.

सामान वाहणाऱ्या सायकलीच्या मागच्या चाकास ३६ तारा असाव्यात. अनुभवी कारागिराकडून चाक बांधून घेणे हा सर्व खर्चांत सार्थकी लागणारा पहिला खर्च होय. महागड्या बैठकीचा क्रमांक त्यानंतरचा. एक तार तुटली, तर तिच्या शेजारच्या तारांचा ताण थोडा बदलून चाकाची ‘आउट’ काढता येते व पुढचे गाव गाठता येते. दुर्लक्ष केल्यास दुसरी व तिसरी तार लवकरच तुटते.

टायर ३५ ते ५० मिमी. रुंदीचे असावेत. येथे मापांचा एक घोटाळा ध्यानात ठेवावा लागतो. भारतातील जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलीचा २८ इंची टायर ६३५ मिमी. व्यासाच्या रिमवर बसतो, तर आधुनिक गिअरच्या सायकलींच्या रिमचा व्यास बहुधा ६२२ मिमी. असतो, दोन्हींस ‘२८ इंची’ म्हटले जात असले, तरी एकाचा टायर दुसऱ्यास बसत नाही. अशा सायकलस्वाराने घडीचा एक जादा टायर न्यावा. ५५९ मिमी.च्या २६ इंची चाकांचे टायर लहान गावांतूनही पुष्कळदा मिळतात, हा त्या चाकांचा मोठा गुण आहे.

सांगाडा व कॅरिअर : पोलादी सांगाडा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यापेक्षा थोडा जड असला, तरी मोडल्यास साध्या कार्यशाळेत जोडता येतो. मात्र पातळ नळ्यांच्या मिश्र पोलादी सांगाड्यावर विद्युत् वितळजोडकाम केल्यास नळी जळण्याचा संभव असतो. पितळी झाळकाम अधिक सुरक्षित. पेडलांच्या अक्षापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर ४४ ते ४६ सेंमी. असल्यास टाच पिशवीवर आपटत नाही. कॅरिअर सांगाड्याला चार ठिकाणी बोल्टने पक्का केलेला असावा. बैठकीखालच्या दांड्याला आवळून बसविलेला एकखांबी कॅरिअर डब्यापुरता ठीक. दूरच्या प्रवासात तो फिरतो व पिशव्या चाकात जातात. कंपनांमुळे कॅरिअरचे बोल्ट सैल होतात, हे सकाळी हाताने तपासण्यास अर्धे मिनिट पुरते. इ. स. २००० नंतर कॅरिअरशिवाय सांगाड्यालाच पट्ट्यांनी पिशव्या आवळण्याची पद्धत खडकाळ वाटांसाठी रूढ झाली. तीत सामान मात्र फारच बेताचे घ्यावे लागते.

गिअर : १०० किग्रॅ. एकूण वजन घेऊन ५ टक्के चढाच्या १० किमी. घाटात स्वार १०० वॉट शक्ती टिकवू शकतो असे धरल्यास त्याचा वेग तासाला सु. ६.५ किमी. पडतो व घाट चढण्यास सु. दीड तास लागतो. पुढे ४४ व मागे १८ दाते असलेल्या साध्या सायकलवर पेडलाच्या एका फेऱ्यात सु. ५.५ मी. अंतर कापले जाते. या वेगाला मिनिटाला जेमतेम २० फेरे होतील, आणि इतक्या संथ गतीने जोर लावल्यास गुडघे दुखावतात. पुढे २६ व मागे ३२ दाते घेतल्यास एका फेऱ्यात १.७५ मी. अंतर जाते व फेरे ६० च्या वर येतात. गिअरच्या संख्येपेक्षा सर्वांत खालचा गिअर किती खाली आहे, हे खरेदीच्या वेळी पहावे. दुकानदार मात्र बहुधा संख्याच सांगतो. याच उदाहरणात आणखी ५ किग्रॅ. सामानाने चार-साडेचार मिनिटे वाढतात. सपाटीवर हा फरक जवळजवळ जाणवत नाही, तेथे वाऱ्याचा रोध मुख्य असतो.

कोकणचा सागरी मार्ग नकाशात सपाट दिसतो, पण प्रत्येक खाडीनंतर रस्ता पुन्हा सड्यावर चढतो. दाभोळ, बाणकोट, जयगड येथील तरींतून सायकल पलीकडे नेल्यावर लगेच चढ लागतो. अशा मार्गावर खालचा गिअर सह्याद्रीतील घाटाइतकाच उपयोगी पडतो.

ब्रेक : १०० किग्रॅ. भार ५०० मी. उंचीवरून उतरताना सु. ४९० किलोज्यूल ऊर्जा सुटते. संथ वेगाने उतरल्यास तिचा बराच भाग ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने जातो. रिमवर घासणारे ब्रेक सतत दाबून ठेवल्यास रिम तापून ट्यूब फुटू शकते. पुढचा व मागचा ब्रेक आलटून पालटून, थोडा वेळ जोराने दाबून सोडून द्यावा व मोठ्या उतारावर मध्ये थांबावे. भारलेली सायकल थांबण्यास अधिक अंतर घेते, हे वळणावर विसरू नये.

सामान भरणे : हत्यारे, शिधा, स्टोव्ह या जड वस्तू पिशव्यांच्या तळाशी व आतल्या अंगास, कपडे वर ठेवतात. डाव्या-उजव्या पिशव्या ताणकाट्याला अडकवून वजनात सारख्या कराव्यात. पिशवी जलरोधी म्हणून विकली गेली असली, तरी पावसाळ्यात आतून प्लॅस्टिकची पिशवी घालणे इष्ट. तंबू व अंथरूण मागच्या कॅरिअरवर, लांबी सायकलच्या दिशेने ठेवून, बकलाच्या पट्ट्यांनी बांधतात. आकड्यांची रबरी दोरी स्वस्त व सोयीची असली, तरी निसटलेला आकडा तारांत अडकून चाक जागीच थांबते. पाणी हे सर्वांत जड आणि सर्वांत टाळता न येणारे सामान आहे. एक लिटर म्हणजे एक किग्रॅ.; उन्हाळ्यात मराठवाड्यासारख्या प्रदेशात गावे दूर असल्यास चार-पाच लिटर लागते. ते सांगाड्याच्या त्रिकोणात व खालच्या नळीवर ठेवावे.

चाचणी : निघण्यापूर्वी पूर्ण भारासह दोन-तीन दिवसांचा प्रवास करून पहावा. भारलेली सायकल बैठकीला धरून आडवी हालविली असता मागचा भाग शेपटीसारखा वळवळत असेल, तर कॅरिअर सैल आहे किंवा भार चुकीच्या जागी आहे. पहिल्या दोनशे किमी. नंतर तारांचा ताण पुन्हा जुळवून घ्यावा. या चाचणीत न वापरलेल्या वस्तूंपैकी औषधे, हत्यारे व पावसाळी कपडे एवढेच पुढे न्यावे आणि बाकीचे घरी ठेवावे. हत्यारांत पंप, दोन ट्यूब, ठिगळे व सोल्यूशन, टायर काढण्याच्या पट्ट्या, षट्कोनी चाव्या, तारा आवळण्याची चावी, साखळी तोडण्याचे हत्यार व तिचे दोन जादा दुवे, ब्रेक व गिअर यांची प्रत्येकी एक केबल, कॅरिअरचे दोन-चार बोल्ट आणि थोडी बारीक तार एवढे असावे.