दुखणे मनाचे, मग लाज कसली?



घरात कोणास ताप भरला तर आपण रातोरात त्यास धारच्या किंवा देवासच्या रुग्णालयात नेतो. परंतु मन आजारी पडले की दार लावून घेतो. लोक काय म्हणतील, मुलीचे लग्न अडेल, ह्या धास्तीने दुखणे दडवितो. नाहीतर बाधा समजून उतारा टाकतो.

ह्या दोषातून मीही सुटलेलो नाही. आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाची झोप उडाली होती. तो मिस्सेलाही येईनासा झाला. मी त्यास आळशी समजलो. पुढे त्याने स्वतःचा जीव घेतला. तेव्हा त्याच्या आईने खाली मान घालून विचारले, “फादर, त्याला कबरस्थानात जागा मिळेल ना?”

मातेची ही भीती निराधार नव्हती. १९१७ च्या धर्मसभेच्या कायद्याने जाणूनबुजून आत्महत्या करणारास ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या कायद्यात ती बंदी राहिली नाही. जीव अनमोल आहे, ही शिकवण कायमच आहे; परंतु गंभीर मानसिक विकाराने माणसाची जबाबदारी कमी होते आणि अशा जिवाच्या तारणाची आशा सोडू नये, असे १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ सांगतो. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे मानून त्यास शिक्षेऐवजी उपचार देण्याचे ठरविले.

एलिया संदेष्ट्याने रानात मरण मागितले, तेव्हा देवाने त्यास दटावले नाही. त्यास झोपू दिले. देवदूताकरवी भाकर व पाणी दिले. आपणही तेच करावे. कोणी गप्प राहू लागला, जेवणझोप सुटली, ‘मी सर्वांना ओझे झालो’ असे बोलू लागला, तर जवळ बसून स्पष्ट विचारावे, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मन हलके होते. अशा वेळी त्यास एकटे सोडू नये. फवारणीचे औषध कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. जिल्हा रुग्णालयात किंवा इंदूरच्या बाणगंगा येथील मानसिक रुग्णालयात न्यावे. १४४१६ ह्या ‘टेलीमानस’ क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

त्या मातेस मी ‘होय’ म्हणालो, आणि तिच्या मुलाचे दफन प्रार्थनेसह झाले. परंतु त्यानंतर कित्येक दिवस तिच्या अंगणात कोणी पाऊल टाकले नाही. असे घर आपल्या गावी असेल, तर आजच तेथे जा. उपदेश नको, नुसते शेजारी बसा.