दवाही हवी, दुवाही हवी

जागतिक आरोग्य संघटनेने 1948 साली आरोग्याची व्याख्या केली, तेव्हा तिच्यात शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य एवढ्या तीनच गोष्टी होत्या. अध्यात्माचा उल्लेख नव्हता. 1984 साली जागतिक आरोग्य सभेने ठराव करून आरोग्याला आध्यात्मिक अंगही असतं, हे मान्य केलं. मूळ व्याख्या मात्र तशीच राहिली. अध्यात्माला उपचारात जागा द्यावी का आणि किती, हा प्रश्न तेव्हापासून डॉक्टरांपुढे आहे. आपल्याकडे तर तो घराघरात आहे.

या प्रश्नाला सर्वांत आधी भिडले ते बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची सेवा करणारे लोक. सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. मरणासन्न माणसाचं दुखणं शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा चार धाग्यांनी विणलेलं असतं, असं त्यांनी मांडलं आणि 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांसाठीचं सेवागृह, सुरू केलं. मुंबईत वांद्र्याला 1986 साली शांती आवेदना सदन उभं राहिलं. ते भारतातलं पहिलं हॉस्पिस. अशा ठिकाणी मॉर्फिनने वेदना आटोक्यात आली की रुग्ण बोलू लागतो. 'मी कुणाचं काय वाईट केलं होतं?', 'मुलाशी अबोला आहे, तो येईल का?' हे प्रश्न कुठल्याही गोळीने सुटणारे नाहीत. तिथे कुणीतरी शेजारी बसून ऐकावं लागतं. पण क्रमही लक्षात ठेवायला हवा. आधी वेदना शमली, मग मन मोकळं झालं.

औषधाच्या जोडीला मनालाही आधार लागतो, हे व्यसनमुक्तीचा अनुभवही सांगतो. अमेरिकेत 1935 साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांमध्ये आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास ठेवायला सांगितलं आहे. ती शक्ती कोणती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्येही औषधोपचार आणि समुपदेशनाच्या जोडीला ही वाट आहे. 'स्लिप' झालेला, म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळलेला माणूस पुन्हा गटात येतो, सगळ्यांसमोर कबुली देतो, आणि कुणी त्याला हिणवत नाही. 'हे माझ्या एकट्याच्याने होणार नाही' हे मान्य करणं, इथे अध्यात्माचा अर्थ एवढाच. आणि तो नास्तिकालाही पेलतो.

ध्यानाची गोष्ट थोडी वेगळी. विपश्यनाचार्य सत्यनारायण गोयंका यांच्यामुळे इगतपुरी जगाच्या नकाशावर आली. तिथल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते, मौन पाळायचं असतं, फोन जमा करायचा असतो. पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे लक्ष द्यायचं. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्समध्ये ध्यानाला धार्मिक चौकटीबाहेर काढून जुनाट वेदना आणि ताण सोसणाऱ्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बनवला. आज अनेक देशांतली इस्पितळं तो शिकवतात. मात्र ध्यान सगळ्यांना मानवतं असं नाही. तीव्र मनोविकारात ते त्रासही वाढवू शकतं. म्हणूनच विपश्यनेच्या प्रवेश अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात.

श्रद्धेने उपचाराची जागा बळकावली की काय होतं, हे तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवलं. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेल्या 28 मनोरुग्णांचा कोळसा झाला. महाराष्ट्रात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं हे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरलं. त्यासाठी अनेक वर्षं झगडणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना त्याच वर्षी प्राण गमवावे लागले. मारहाण डोळ्यांना दिसते तरी. पण नैराश्याने खचलेल्या मुलीला 'नामस्मरणात कमी पडतेस' म्हणणं हाही घावच. आजाराच्या ओझ्यावर आपण अपराधाचं ओझं चढवतो.

मग श्रद्धास्थानांकडे पाठ फिरवायची का? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दहापैकी सुमारे एका प्रौढाला मानसिक आजार आढळला, आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. असे लोक आधी देवळात किंवा दर्ग्यात जातात. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रमाने हे ओळखलं. मुजावरांना आजाराची लक्षणं ओळखायला शिकवलं आणि दर्ग्याच्या आवारातच मनोविकार तज्ज्ञांचा दवाखाना सुरू केला. आता मुजावर दुवा देतो आणि डॉक्टरांकडेही पाठवतो.

हा कित्ता महाराष्ट्राने गिरवायला हवा. आपल्याकडे वारीच्या वाटेवर आणि हरिनाम सप्ताहांत लाखो माणसं कीर्तनकारांचा शब्द मानतात. डोकं दुखलं तर गोळी घेतो तशीच मनाच्या आजारावरही घ्यावी, हे त्यांनी व्यासपीठावरून सांगावं, 'टेली-मानस' या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक सांगावा. डॉक्टरांनीही गळ्यातल्या माळेकडे पाहून हसू नये. 'तुम्हाला कशाचा आधार वाटतो?' हा प्रश्न केस पेपर लिहितानाच विचारावा. उत्तर विठ्ठल असेल, नमाज असेल, गाणं असेल किंवा नातवंडं. जे असेल ते उपचारात सामील करून घ्यावं. अध्यात्माने रुग्णाला धीर द्यावा, गोळी बंद करायला लावू नये. वैद्यकाने आजार बरा करावा, माणसाची श्रद्धा हिरावू नये. एवढी शिस्त दोघांनी पाळली, तर आज उपचाराविना राहिलेली कितीतरी माणसं आपल्याला सावरता येतील.